ॲपची मान्यता आणि किडीचे वेळापत्रक

गुलाबी बोंडअळीविषयीच्या सल्ल्याला मुदत असते. कामगंध सापळ्यात सलग तीन दिवस प्रति सापळा आठ किंवा त्याहून अधिक पतंग आढळले, की आर्थिक नुकसानीची पातळी ओलांडली असे आपण मानतो. मादीने घातलेली अंडी साधारणतः तीन ते सहा दिवसांत उबतात आणि बाहेर पडलेली अळी काही तासांतच पाते, फूल किंवा कोवळ्या बोंडात शिरते. एकदा ती आत गेली, की वरून केलेली फवारणी तिच्यापर्यंत पोहोचत नाही. सापळ्यातील नोंद आणि शेतकऱ्याची कृती यांमध्ये आपल्या हाती जेमतेम आठवडा असतो. दुसरीकडे, गूगल प्ले स्टोअरवर नवे ॲप किंवा त्याची सुधारित आवृत्ती पाठवली, तर तिच्या तपासणीस सात दिवसांपर्यंत आणि अपवादात्मक प्रसंगी त्याहूनही अधिक काळ लागू शकतो, असे गूगलच सांगते. हे दोन्ही कालावधी शेजारी मांडून पाहिले, म्हणजे कीड-सल्ला देणाऱ्या ॲपची चाचणी व मान्यता हा केवळ संगणक विभागाचा विषय का नाही, हे ध्यानात येते.

गेल्या काही वर्षांत कृषी विद्यापीठे, कृषी विज्ञान केंद्रे, शेतकरी उत्पादक कंपन्या आणि काही उत्साही तरुण शेतकरीही स्वतःची ॲप्स तयार करू लागले आहेत. महाराष्ट्रात २००९-१० पासून चालत आलेला क्रॉपसॅप हा कीड-रोग सर्वेक्षण प्रकल्प किंवा केंद्र शासनाने ऑगस्ट २०२४ मध्ये सुरू केलेली राष्ट्रीय कीड सर्वेक्षण प्रणाली यांच्यामागे मोठी यंत्रणा उभी आहे. लहान गटांकडे तशी यंत्रणा नसते आणि त्यांचे ॲप बहुधा हंगाम उलटून गेल्यावर स्टोअरवर अवतरते. मी ज्या गटात होतो, त्याचेही असेच झाले. जुलैअखेर अपेक्षित असलेले ॲप तीन वेळा नामंजूर होऊन सप्टेंबरच्या मध्यावर प्रसिद्ध झाले, तेव्हा सापळे मोजण्याची वेळ संपून किडकी बोंडे मोजण्याची वेळ आली होती. त्या वेळी आम्ही स्टोअरला दोष दिला. पुढे पत्रव्यवहार तारखांसह मांडून पाहिला, तेव्हा वाया गेलेल्या दिवसांपैकी स्टोअरकडे गेलेले दिवस थोडे आणि आमच्याच टेबलावर गेलेले दिवस अधिक निघाले.

खाते कोणाच्या नावे?

पहिला विलंब ॲप लिहून होण्याच्याही आधी सुरू होतो. गूगल प्लेवर विकसकाचे खाते दोन प्रकारचे असते: वैयक्तिक आणि संस्थेचे. १३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेल्या वैयक्तिक खात्यावरून नवे ॲप सर्वांसाठी खुले करायचे, तर आधी मर्यादित चाचणी अनिवार्य आहे. आरंभी या चाचणीसाठी किमान वीस जणांची अट होती; डिसेंबर २०२४ मध्ये ती बारांवर आली. हे बारा जण सलग चौदा दिवस चाचणीत सहभागी असावे लागतात. त्यानंतर अंतिम प्रसारणासाठी अर्ज करायचा, चाचणीतून काय आढळले आणि काय सुधारले याविषयीच्या प्रश्नांची उत्तरे द्यायची आणि पुन्हा उत्तराची वाट पाहायची. नोंदणीकृत संस्थेच्या खात्याला ही चौदा दिवसांची अट लागू नाही. मात्र त्यासाठी डन अँड ब्रॅडस्ट्रीट या कंपनीकडून मिळणारा डन्स क्रमांक लागतो आणि तो हाती येण्यास तीस दिवसांपर्यंत अवधी जाऊ शकतो.

आपल्याकडे सर्रास घडते ते असे: संस्थेचे खाते उघडण्याची नस्ती फिरत राहते, म्हणून प्रकल्पातील एखादा संशोधन सहायक स्वतःच्या ईमेलवरून पंचवीस डॉलर भरून वैयक्तिक खाते उघडतो. काम तात्पुरते पुढे सरकते. पण चौदा दिवसांची अट गळ्यात पडते आणि प्रकल्प संपून तो सहायक दुसरीकडे गेला, की ॲपची किल्लीही त्याच्यासोबत जाते. शिवाय शासकीय माहिती देणारे ॲप एखाद्या व्यक्तीच्या नावे दिसले, तर त्याच्या अधिकृततेविषयी प्रश्न उपस्थित होतो. संस्थेचे खाते संस्थेच्याच ईमेलवरून आणि हंगामापूर्वी चार-पाच महिने उघडणे, हा मान्यता जलद मिळवण्याचा सर्वांत स्वस्त उपाय आहे. शासकीय यंत्रणेच्या ॲपला सर्ट-इनच्या यादीतील लेखापरीक्षकाकडून सुरक्षा तपासणी करून घ्यावी लागत असेल, तर तीही ॲप पूर्ण होण्याची वाट न पाहता याच काळात ठरवून टाकावी.

परीक्षकाला दार उघडून द्या

आमचे ॲप पहिल्यांदा नामंजूर झाले, त्याचे कारण कीटकशास्त्राशी तर नाहीच, संगणकशास्त्राशीही फारसे निगडित नव्हते. ॲपमध्ये प्रवेशासाठी मोबाइल क्रमांक आणि त्यावर येणारा ओटीपी लागत असे. स्टोअरच्या परीक्षकाकडे भारतीय मोबाइल क्रमांक असेल असे आम्ही गृहीत धरले होते. तो पहिल्याच पडद्यावर अडकला आणि त्याने ॲप परत पाठवले. गूगलच्या अपेक्षेनुसार प्रवेशाचा तपशील कोणत्याही वेळी, कोणत्याही देशातून आणि वारंवार वापरता येईल असा हवा. त्याविषयीच्या सूचना इंग्रजीत हव्यात. यासाठी एक नमुना खाते ठेवावे, त्याचा ओटीपी कायमस्वरूपी ठरलेला असावा आणि त्या खात्यात खऱ्या शेतकऱ्यांची कोणतीही माहिती न दिसता केवळ नमुना नोंदी दिसाव्यात. हा तपशील ‘ॲप ॲक्सेस’ या विभागात भरायचा असतो. तो भरला नाही, तर केवळ माणूसच नव्हे, तर चाचणीसाठी आवृत्ती चढवल्यावर ती वेगवेगळ्या फोनवर आपोआप चालवून पाहणारी गूगलची यंत्रणाही त्याच पडद्यावर थांबते आणि तिच्याकडून मिळणारा उपयुक्त अहवाल कोरा येतो.

दुसऱ्या खेपेचे कारण याहून अवघड होते. काही शासकीय सर्व्हर सुरक्षेसाठी परदेशातून येणारी जोडणी रोखतात. परीक्षकाने नमुना खात्याने प्रवेश केला, पण पुढील पडदे रिकामेच राहिले. आम्ही आमच्या कार्यालयात बसून पाहिले, तेव्हा सारे सुरळीत दिसत होते! तपासणीच्या काळात नमुना माहिती तरी परदेशातून उघडेल, याची व्यवस्था सर्व्हर सांभाळणाऱ्यांशी आधीच बोलून करून ठेवावी लागते.

तिसरी नामंजुरी परवानग्यांवरून झाली. फोनमधील सर्व छायाचित्रे वाचण्याची आणि ॲप बंद असतानाही स्थान जाणून घेण्याची परवानगी आम्ही मागितली होती. ‘पुढे कधीतरी उपयोगी पडेल’ एवढेच त्याचे कारण होते. अळीचे एखादे छायाचित्र पाठवण्यासाठी संपूर्ण संग्रह उघडण्याची गरज नसते. अँड्रॉइडचा स्वतःचा छायाचित्र-निवडक वापरला, तर ती परवानगी मागावीच लागत नाही. सापळ्याचे ठिकाण नोंदवताना ॲप उघडेच असते, म्हणून पार्श्वभूमीतील स्थानाचीही आवश्यकता नाही. पार्श्वभूमीतील स्थान मागणाऱ्या ॲपला स्वतंत्र घोषणापत्र आणि चित्रफीत सादर करून गरज पटवून द्यावी लागते. ती परवानगी काढून टाकताच तो सर्व उपद्व्याप टळला. याच संदर्भात माहिती-सुरक्षेच्या अर्जाचा उल्लेख करायला हवा. ॲप कोणती माहिती गोळा करते, हे त्यात सांगायचे असते आणि ते प्रत्यक्षाशी जुळले पाहिजे. आपण स्वतः काही गोळा करत नसलो, तरी ॲपमध्ये जोडलेले नकाशाचे किंवा वापर-मोजणीचे तयार घटक गोळा करत असतात. त्यांचीही जबाबदारी आपलीच. वापरकर्त्यास खाते उघडता येत असेल, तर ते ॲपमधून आणि संकेतस्थळावरूनही काढून टाकण्याची सोय लागते. खासगी गट शासकीय योजनांची किंवा बाजारभावांची माहिती देत असेल, तर मूळ शासकीय स्रोताचा दुवा आणि ‘आम्ही शासनाचे प्रतिनिधी नाही’ असा स्पष्ट खुलासा आवश्यक आहे.

आयफोनच्या बाबतीत थोडक्यात सांगायचे, तर ॲपलच्या म्हणण्यानुसार त्यांच्याकडील नव्वद टक्के तपासण्या चोवीस तासांच्या आत होतात. टेस्टफ्लाइट या सुविधेतून दहा हजार बाहेरील व्यक्तींना चाचणीत घेता येते, मात्र प्रत्येक चाचणी-आवृत्ती नव्वद दिवसच चालते. आपल्या शेतकऱ्यांपैकी बहुसंख्य अँड्रॉइड वापरतात, म्हणून मनुष्यबळ अपुरे असेल तर आयफोनची आवृत्ती पुढच्या हंगामावर टाकावी, असे माझे मत आहे.

चाचणी शेतात व्हावी

मान्यता लवकर हवी म्हणून चाचणी उरकून घेण्याचा मोह होतो. मर्यादित चाचणीला बारा माणसे हवीत, तर कार्यालयातील बारा जणांच्या फोनवर दुवा पाठवून मोकळे व्हावे, असे वाटते. असे केल्याने काय निसटते, याचे एक उदाहरण देतो.

आमच्या चाचणीच्या पाचव्या दिवशी एका कृषी सहायकाने कळवले, की सापळ्यात नऊ पतंग नोंदवले तरी नकाशावर शून्य दिसते. कार्यालयात कोणालाही हा दोष आढळला नव्हता. शोध घेतला तेव्हा उलगडा झाला. त्यांच्या फोनची भाषा मराठी होती. फोनची भाषा मराठी केली, की अनेक ठिकाणी आकडे आपोआप देवनागरीत उमटतात, कारण संगणक क्षेत्रात प्रमाण मानल्या जाणाऱ्या भाषाविषयक माहितीसाठ्यात मराठीसाठी देवनागरी अंक हेच मूळ अंक मानलेले आहेत. हिंदीसाठी मात्र तेथे आंतरराष्ट्रीय अंक ठरलेले आहेत. त्यामुळे इंग्रजी आणि हिंदी फोनवर निर्दोष चाललेले ॲप मराठी फोनवरून ‘९’ हा अंक पाठवत होते, सर्व्हरला तो अंक म्हणून ओळखता येत नव्हता आणि तो निमूटपणे शून्य लिहीत होता. ॲप बंद पडले असते तर दोष लगेच कळला असता. येथे ते छान चालत होते आणि आर्थिक नुकसानीची पातळी ओलांडलेल्या गावाला ‘कीड नाही’ असे सांगत होते. दुरुस्ती सोपी होती: साठवण आणि देवाणघेवाण नेहमी आंतरराष्ट्रीय अंकांत, देवनागरी अंक केवळ पडद्यावर. शिवाय न समजलेला अंक शून्य न मानता नोंद परत पाठवायची. स्टोअरची कोणतीही तपासणी हा दोष पकडू शकली नसती. परराज्यांत काम करणाऱ्या आणि हिंदी व मराठी अशा दोन्ही भाषांत ॲप काढणाऱ्या संस्थांनी ही गोष्ट विशेष लक्षात ठेवावी.

म्हणून चाचणीकर्ते निवडताना फोनची भाषा, फोनची किंमत आणि गावातील नेटवर्क हे निकष आधी पाहावेत. कमी मेमरीचा जुना फोन, भर उन्हात दिसेनासा होणारा पडदा, चिखलाने किंवा घामाने ओले हात, आणि नोंद करताना नेटवर्क नसले तर ती रात्री घरी गेल्यावर एकदाच जाते की दोनदा, ही खरी परीक्षा आहे. एकच नोंद दोनदा गेली, तर चार पतंगांचे आठ होतात आणि विनाकारण फवारणीचा सल्ला निघतो.

बारा जणांची अट असली, तरी निदान पंचवीस जण घ्यावेत. जागा अपुरी पडली म्हणून ॲप काढून टाकणारे, दुवा उघडून पुढचे पाऊल विसरणारे असे काही जण गळतातच आणि सलग चौदा दिवसांची मोजणी बाराच्या खाली आली तर सारे मुसळ केरात जाते. आणखी एक व्यावहारिक अडचण आहे. चाचणीचे निमंत्रण ज्या जीमेल खात्याला गेले, तेच खाते फोनच्या प्ले स्टोअरमध्ये असावे लागते. अनेक शेतकऱ्यांच्या फोनमधील खाते मुलाने किंवा फोन विकणाऱ्या दुकानदाराने उघडून दिलेले असते आणि ते कोणते, हे त्यांना ठाऊक नसते. विस्तार कार्यकर्त्याने शिवारफेरीत पाच मिनिटे काढून स्वतः प्ले स्टोअर उघडून ते नाव पाहून घेतले, तर पुढचे चार दिवस वाचतात.

स्टोअर टाळून ॲपची फाइल व्हॉट्सॲपवर धाडणे हा जलद मार्ग वाटतो. तो कटाक्षाने टाळावा. पीएम किसानसारख्या योजनांच्या नावाने बनावट एपीके फाइली व्हॉट्सॲपवरून पसरवून बँक खाती रिकामी करण्याचे प्रकार देशभर घडले आहेत. ‘फाइल आली की उघडायची’ ही सवय आपण, म्हणजे ज्यांच्यावर शेतकऱ्याचा विश्वास आहे अशांनी, त्यांना लावू नये. प्ले स्टोअरच्याच अंतर्गत चाचणी मार्गाने शंभर जणांपर्यंत नवी आवृत्ती बहुधा काही मिनिटांत पोहोचवता येते. रोजच्या दुरुस्त्या या मार्गाने तपासाव्यात आणि स्थिर झालेली आवृत्तीच मर्यादित चाचणीसाठी पाठवावी.

सल्ला ॲपमध्ये कोंडू नये

आता मुख्य मुद्दा. तपासणीचा वेग वाढवण्याचा सर्वांत परिणामकारक मार्ग म्हणजे तपासणीची गरजच कमी करणे. किडीनुसार, हंगामानुसार आणि कायद्यानुसार बदलणारा मजकूर ॲपच्या आत पक्का बसवला, तर प्रत्येक बदलासाठी नवी आवृत्ती, नवी तपासणी आणि मग ती प्रत्येक शेतकऱ्याने अद्ययावत करून घेण्याची प्रतीक्षा, असे चक्र सुरू होते. तोच मजकूर सर्व्हरवर ठेवून ॲपने तो तेथून वाचला, तर दुरुस्ती त्याच दिवशी पोहोचते. नुकसानीच्या पातळ्या, कीटकनाशकांची यादी, प्रमाण, प्रतीक्षा कालावधी आणि सूचनांचे शब्द या सर्व गोष्टी बाहेर ठेवाव्यात. ॲपची स्वतःची कार्यपद्धती मात्र अशा चोरवाटेने बदलू नये. ते स्टोअरच्या नियमांत बसत नाही.

यात काय पणाला लागते, ते पाहा. केंद्र शासनाच्या ऑगस्ट २०१८ च्या आदेशानुसार फोरेट, ट्रायझोफॉस, डायक्लोरव्हॉस यांसह सहा कीडनाशकांचा वापर ३१ डिसेंबर २०२० पासून बंद झाला. त्यापूर्वी तयार झालेल्या आणि यादी आतच असलेल्या ॲपची जुनी प्रत एखाद्या फोनवर राहिली असेल, तर ती आजही ट्रायझोफॉसची शिफारस दाखवत असेल. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी व शेतमजुरांचे प्राण गेले, हे या क्षेत्रात काम करणारा कोणीही विसरू शकत नाही. स्टोअरचा परीक्षक परवानग्या पाहतो, ॲप बंद पडते का ते पाहतो. दहा लिटर पाण्यात किती मिलिलिटर, हे तो पाहत नाही आणि ते पाहणे त्याचे कामही नाही. म्हणून सर्व्हरवरील बदल झटपट होत असला, तरी एका कीटकशास्त्रज्ञाने लिहिलेला मजकूर दुसऱ्याने लेबल क्लेमशी ताडून पाहिल्याशिवाय तो प्रसृत होऊ नये, अशी व्यवस्था ॲपच्या मागील बाजूस असावी. यासाठी अर्धा दिवस लागतो. तो वाचवू नये.

पेरणीपासून उलटी मोजणी

मोसमी पावसावरील कपाशी जूनच्या मध्यापासून पेरली जाते आणि पेरणीनंतर सुमारे पंचेचाळीस दिवसांनी कामगंध सापळे लावले जातात. त्यामुळे जुलैच्या मध्यास ॲप स्टोअरवर असायला हवे. तेथून मागे मोजत गेल्यास, अंतिम तपासणी आणि एखाद्या नामंजुरीसाठी जूनचा पूर्ण महिना राखून ठेवावा. मर्यादित चाचणी एप्रिल-मेमध्ये आणि संस्थेचे खाते, डन्स क्रमांक, गोपनीयता धोरण हे सर्व जानेवारी-फेब्रुवारीत उरकावे. येथे कोणीही विचारील, की एप्रिलमध्ये कपाशीच नाही, मग चाचणी कशाची? अडचण खरी आहे. आम्ही त्यावर दोन उपाय केले. मागील हंगामातील सापळ्यांच्या नोंदवह्या चाचणीकर्त्यांना देऊन त्या जशाच्या तशा भरायला लावल्या, त्यामुळे ॲपचे उत्तर आणि त्या वेळी कागदावर काढलेला निष्कर्ष यांची तुलना करता आली. दुसरे म्हणजे छायाचित्रे आणि शेतातील वापर यांसाठी उन्हाळी वांग्यावरील शेंडे व फळे पोखरणारी अळी घेतली. पीक वेगळे असले, तरी ऊन, घाम आणि नेटवर्क तेच असते. किंबहुना मेमधील ऊन फोनची अधिक कठोर परीक्षा घेते. ज्यांना रब्बीत संधी आहे, त्यांनी नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये हरभऱ्यावरील घाटेअळीच्या सापळ्यांवर पहिली फेरी घ्यावी.

उद्घाटनाची तारीख बहुधा ॲप तयार होण्याआधीच ठरते, हा अनुभव अनेकांना असेल. त्यासाठी प्ले स्टोअरमध्ये प्रसिद्धी स्वतःच्या हाती ठेवण्याची सोय आहे: तपासणी आधी पूर्ण करून घ्यायची आणि मान्य झालेली आवृत्ती आपण ठरवू त्या क्षणी खुली करायची. नंतरच्या सुधारित आवृत्त्या आधी पाच किंवा दहा टक्के वापरकर्त्यांना देऊन, दोन दिवस अहवाल पाहून, मग सर्वांना देता येतात आणि दोष आढळल्यास प्रसारण थांबवता येते. पहिल्या आवृत्तीला ही टप्प्याटप्प्याची सोय मिळत नाही, हे मात्र ध्यानात असू द्यावे. ऐन हंगामात, म्हणजे ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात, गंभीर दोष वगळता नवी आवृत्ती पाठवूच नये, असा नियम आम्ही आता पाळतो.

आपल्या केंद्राला अशा चाचणीचे निमंत्रण आले, तर ‘ॲप चांगले आहे’ एवढ्यावर अभिप्राय संपवू नये. फोन कोणता, अँड्रॉइडची आवृत्ती कोणती, फोनची भाषा कोणती, नेटवर्क होते की नव्हते, काय नोंदवले आणि पडद्यावर काय दिसले, हे पडद्याच्या चित्रासह कळवावे. वर उल्लेखलेल्या कृषी सहायकाने नेमके एवढेच केले होते: नऊ पतंगांचा सापळा आणि शून्य दाखवणारा नकाशा, अशी दोन छायाचित्रे आणि खाली एक ओळ, ‘माझा फोन मराठीत आहे, त्याने काही फरक पडतो का?’